जांभळ्या टोपणाचं रक्त

लॅबमधल्या बाईंना पाठीमागे सगळे 'उलटतपासणी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही असावं, कारण हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याची चौकशी त्यांनी कधीच केली नाही. एरवी चौकशी न करता त्यांनी सोडलेली ही एकच गोष्ट.

सत्तावीस वर्षं त्या एकाच टेबलाशी रक्त घेत आल्या होत्या. सुई टोचण्याआधी माणसाला पूर्ण नाव विचारायचं, सुई काढल्यावर पुन्हा विचारायचं, आणि मगच त्याच्या डोळ्यांदेखत नळीवर चिठ्ठी लावायची, ही त्यांची पद्धत. सुईच्या दोन बाजूंना माणूस बदलत नाही, असं एका वकिलाने त्यांना सुनावलं होतं. त्यावर बाईंनी त्याला तिसऱ्यांदा नाव विचारलं. खुद्द नवऱ्याचं रक्त घेतानाही त्यांनी नाव आणि वय विचारलं होतं. नवऱ्याने वय दोन वर्षांनी कमी सांगितलं, तेव्हा तो खरं बोलेपर्यंत त्या सुई हातात धरून शांत बसून राहिल्या.

लॅबमध्ये एक चूक-नोंदवही होती. नळी फुटली, नावं उलटसुलट झाली, नमुना उन्हात राहिला, की ज्याच्या हातून झालं त्याने स्वतः त्यात लिहायचं. सत्तावीस वर्षांत त्या वहीत बाईंचं अक्षर एकदाही आलं नव्हतं. मालक डॉक्टर पाहुण्यांना ती वही दाखवत, एखादा माणूस गच्चीवरची बाग दाखवतो तशी.

बाईंचा जीव अडकला होता यकृतात. हृदयाचं उगाच कौतुक होतं, असं त्यांचं मत. ते दिवसभर धडधड करतं म्हणून लोकांच्या ध्यानात राहतं. यकृत उजव्या बरगड्यांखाली मुकाट पडून असतं. दीड किलो वजन, दोन भाग, एक मोठा आणि एक लहान, आणि आत लाखभर बारीक सहाकोनी खोल्या. आतड्यांतून निघालेलं रक्त आधी याच्या दारात येतं. काय ठेवायचं, काय मोडायचं, कुठलं विष निकामी करून बाहेर घालवायचं, सगळं इथे ठरतं. पित्त इथे बनतं, जखम झाली तर रक्त साकळायला लागणारी द्रव्यं इथेच बनतात. सहकाऱ्यांना हे समजावताना बाई म्हणत, "घरातल्या थोरल्यासारखं आहे. तीन चतुर्थांश संपेपर्यंत कुरकुर करत नाही. आणि कुरकुर करतं तेव्हा आपल्याला उशीर झालेला असतो."

हे वाक्य त्या कित्येक वर्षं म्हणत होत्या. त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ, दादा, वर्षातून एकदा त्यांच्याच टेबलावर रक्त देऊन जायचा. एका वर्षी त्याचं अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं प्रथिन, थोडं कमी आलं. पुढच्या वर्षी आणखी कमी आलं, प्लेटलेट्सही घसरल्या. दादाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. खुर्चीतलं काम, वाढलेलं पोट, साखर आणि चुलीवरच्या दुधासारखी हळूहळू वर आलेली यकृतावरची चरबी, एवढं पुरलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की यकृत आक्रसून दगड झालं आहे, औषधांनी सहा-आठ महिने काढता येतील, त्यापुढे दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा लागेल.

वडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता, बाई तेरा आणि धाकटा पाच. दादाने शिक्षण सोडलं आणि दोघांना वाढवलं. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती, भिंतींनाही माहीत होतं. आता गंमत अशी की दादाचा रक्तगट ओ. ओ गटाचा माणूस कुणालाही देऊ शकतो, घ्यायची वेळ आली की मात्र फक्त ओ गटाकडूनच घ्यावं लागतं. बाईंचा गट बी, वहिनीचा ए. उरले ओ गटाचे दोघं, धाकटा आणि दादाची सव्वीस वर्षांची मुलगी. मुलीचं नाव निघताच दादाने हात वर केला. तिचं लग्न व्हायचंय, तिच्या पोटावर सुरी चालणार नाही, विषय संपला.

तेव्हा धाकटा उठून उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा, गुटगुटीत, बोलण्यात गोड. म्हणाला, मी असताना चर्चा कसली करताय? दादाने मला अख्खं आयुष्य दिलं, मी त्याला अर्धं यकृत देऊ शकत नाही? वहिनीने डोळ्याला पदर लावला. धाकट्याच्या बायकोनेही लावला, पण तिचं रडणं जरा वेगळ्या कारणाचं असावं. बाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी उपाशीपोटी ये.

इस्पितळाच्या लांबलचक तपासण्यांआधी यकृताची एक प्राथमिक चाचणी हवी होती. ती घरच्या लॅबमध्येच करायची ठरली. दुसऱ्या दिवशी बाईंनी धाकट्याला पूर्ण नाव विचारलं. तो म्हणाला, "तुझा भाऊ." बाई थांबल्या. मग त्याने नाव सांगितलं. लाल टोपणाच्या नळीत रक्त घेऊन, चिठ्ठी लावून त्यांनी ती स्टँडवर उभी केली. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त अर्धा तास स्वस्थ ठेवावं लागतं. ते साकळून गुठळी खाली बसते, वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात, आणि यकृताच्या चाचण्या त्या पाण्यावर होतात.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत एका तान्ह्या बाळाची शीर सापडेना म्हणून बाईंना हाक आली. लॅबचा नियम होता की नमुने असलेल्या खोलीत बाहेरचा माणूस एकटा सोडायचा नाही. धाकटा बाहेरचा नव्हता. विशीत चार महिने तो याच लॅबच्या काउंटरवर बसला होता. बाईंनी त्याला टोपणांचे रंग शिकवायचा प्रयत्न केला होता, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे असायचं. अजूनही तो येता-जाता चहा प्यायला यायचा, फ्रिज कुठला आणि साखरेचा डबा कुठला हे त्याला पाठ होतं. "बस दहा मिनिटं," असं म्हणून बाई गेल्या. बाळाने पंचवीस मिनिटं घेतली. तिथून त्या तशाच दादाला घेऊन इस्पितळात गेल्या, आणि पुढचं काम दुपारच्या पाळीच्या तंत्रज्ञबाईंवर सोपवलं.

या दुपारच्या बाई मायाळू होत्या. यंत्राने आकडे दिले तेव्हा त्यांचा जीव हलला. बिलिरुबिन सहाच्या वर, एसजीपीटी चारशेच्या पुढे. धडधडीत कावीळ. डॉक्टरांची सही व्हायच्या आधीच त्यांनी घरी फोन केला. घरचीच माणसं, लवकर कळलेलं बरं.

संध्याकाळपर्यंत पेशंट बदलला होता. धाकटा पांघरूण घेऊन पडला होता, बायको उशाशी ग्लुकोजचं पाणी घेऊन बसली होती. ज्याला सहा-आठ महिन्यांची मुदत होती त्या दादाने स्वतः फोन करून त्याला सांगितलं, "आधी तू बरा हो. माझं बघू नंतर." धाकटा क्षीण आवाजात म्हणाला, की नशिबात नसेल तर माणूस काय करणार. वहिनीने ते वाक्य सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

बाईंनी रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. एक भाऊ चालला होता, आता दुसराही. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या त्यांनी कागद हातात घेतला. बिलिरुबिन वाचलं, एसजीपीटी वाचलं, आणि तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. अल्कलाइन फॉस्फेटेज नऊ.

हे यकृतातलं आणि हाडांतलं एक द्रव्य. धडधाकट माणसात ते चाळीसच्या खाली सहसा जात नाही आणि कावीळ झालेल्यात बहुतेक वाढतंच. एवढी कावीळ आणि हे नऊ म्हणजे घर जळतंय आणि उंबऱ्यावर बर्फ पडलंय. बाईंनी दुपारच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कमी आलं म्हणजे बरंच ना?" आणि मग सहज बोलता बोलता म्हणाल्या, की रक्त काही साकळलं नव्हतं हं नळीत. यकृत बिघडलं की रक्त साकळत नाही, तुम्हीच शिकवलंय ना, म्हणून मी तसंच यंत्रात फिरवून वरचं पाणी घेतलं.

बाईंनी फोन ठेवला. उरलेला नमुना फ्रिजमधून काढला आणि त्यात दोन जास्तीच्या तपासण्या लावल्या. कॅल्शियम जवळजवळ शून्य आलं. पोटॅशियम इतकं आलं की यंत्राने आकडा द्यायचंच नाकारलं. असं रक्त ज्याच्या अंगात असेल तो ग्लुकोजचं पाणी पीत नसतो, त्याला खांदा द्यावा लागतो.

हे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीतलं होतं. त्या नळीच्या तळाशी पोटॅशियमचा एक क्षार असतो. तो रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो म्हणून रक्त साकळत नाही, आणि ज्याच्या जोरावर अल्कलाइन फॉस्फेटेज चालतं ते जस्त आणि मॅग्नेशियमही तोच गिळतो. पेशी मोजायला ही नळी उत्तम. यकृताला बिलकूल चालत नाही.

म्हणजे हे धाकट्याचं रक्त नव्हतंच. बाईंना आधी आनंद झाला. हे त्यांनी नंतर कबूल केलं. पंधरा-वीस सेकंद त्या नुसत्या आनंदात होत्या, की याला काही झालेलं नाही. मग त्यांनी फ्रिजमधला चौथा रॅक बाहेर ओढला. परवाच्या एका काविळीच्या पेशंटच्या दोन नळ्या तिथे असायला हव्या होत्या. धाकटा परवा चहाला आला होता, तेव्हा बाईंनीच त्याला त्या दाखवल्या होत्या, बघ, कावीळ झालेल्याचं सीरम कसं हळदीसारखं दिसतं. लाल टोपणाची नळी जागेवर होती, गुठळी खाली, पिवळं पाणी वर. तिचा त्याला उपयोग नव्हता. त्याला ताज्या रक्तासारखं दिसणारं रक्त हवं होतं, आणि तसं फक्त जांभळ्या टोपणात असतं. स्वतःचं रक्त बेसिनमध्ये ओतून त्याने तेच आपल्या चिठ्ठीच्या नळीत भरलं होतं. जांभळी नळी रिकामी होती. टोपण मात्र त्याने नीट घट्ट बसवलं होतं.

बाईंनी कागदावर ठरलेला शेरा टाकला: नमुना तपासणीयोग्य नाही, पुन्हा घ्यावा. मग त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. तो दुपारी आला, बायकोच्या आधाराने. बायकोला बाईंनी बाहेर बसवलं.

"हात दे."

"ताई, कालच घेतलंस ना?"

"ते तुझं नव्हतं."

धाकट्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग कुणाचं होतं?"

"चौथ्या रॅकमधल्या गृहस्थांचं. त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नाही, की ते आपल्या घरात पांघरूण घेऊन पडलेत."

बाहीचं बटण काढून त्याने हात पुढे केला. बाईंनी रक्त घेतलं, आणि या वेळी नळी स्टँडवर न ठेवता हातात धरून बसल्या. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तो हळूहळू बोलता झाला. बायको रडते. मुलं शाळेत आहेत. फोनवर वाचलं की देणाराही कधी कधी जातो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तोंडातून निघून गेलं, मग परत घेता येईना. दादाला नाही कसं म्हणायचं, तूच सांग.

बाई म्हणाल्या, "इस्पितळात देणाऱ्याला एकट्याला खोलीत नेतात. कुणी जवळ नसतं. विचारतात, मनापासून द्यायचंय का. नाही म्हटलंस तर बाहेर येऊन एवढंच सांगतात, की हा वैद्यकीय कारणाने चालणार नाही. कारण काय, ते दादालासुद्धा सांगत नाहीत. तुझ्यासाठी खोटं बोलायला तिथे पगारी माणूस बसलाय. तू माझं टेबल का वापरलंस?"

"हे मला कुठे माहीत होतं?"

"मला विचारायचंस."

नळीतलं रक्त साकळलं होतं. चाचण्या लागल्या आणि सगळे आकडे नमुन्यादाखल पुस्तकात छापावेत असे आले. धाकट्याचं यकृत दृष्ट लागण्यासारखं होतं. त्याने तो कागद पाहिला आणि हात जोडले. दोन दिवस दे, म्हणाला, दादाला मीच सांगतो. तुझ्या तोंडून नको.

बाईंनी दोन दिवस दिले. ज्या बाईने नवऱ्याच्या वयावर विश्वास ठेवला नाही तिने हे केलं.

धाकट्याने शब्द पाळला. दोन दिवसांत तो दादाकडे गेला आणि सांगितलं, की ताईच्या लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली. पुरावा म्हणून शेऱ्याचा कागद दाखवला. नमुना तपासणीयोग्य नाही, बघ, त्यांनीच लिहून दिलंय. मला काही झालेलं नाही, उगाच दोन दिवस सगळ्यांच्या जिवाला घोर. आता मी दुसरीकडे नीट तपासून घेतो, मग पुढचं बघू. दुसऱ्या, चांगल्या रिपोर्टाचा कागद त्याने घरीच ठेवला होता.

हे बाईंना वहिनीच्या फोनवरून कळलं. वहिनी समजूतदार सुरात म्हणाल्या, "होतं गं असं. वय झालं की होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." त्या आठवड्यात दादाचं रक्त न्यायला दुसऱ्या लॅबचा माणूस आला. धाकटा काही कुठे तपासून घेईना. कधी सर्दी होती, कधी कामावर रजा मिळत नव्हती. असे तीन आठवडे गेले. दादाच्या पोटात पाणी साठू लागलं, डोळे पिवळे झाले, आणि धाकटा देणारच आहे या भरवशावर इस्पितळाला दुसरं कुणाचंच नाव कळवलं गेलं नव्हतं.

तेव्हा बाई तिन्ही कागद घेऊन दादाकडे गेल्या. दादा खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. भाची त्याच्या पायाला तेल चोळत होती. बाईंनी तिला जा म्हटलं नाही. एकेक आकडा बोटाने दाखवत त्यांनी सगळं सांगितलं, रॅक, टोपण, क्षार, नऊ. दादाने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमच्या नळीत काहीतरी गडबड झाली."

"नळीत नाही, दादा."

दादाने मुलीच्या हातातून पाय मागे घेतला. मग म्हणाला, "हे बघ. तुझ्या हातून चूक झाली असं धरलं, तर मला राग येतो आणि चार दिवसांत जातो. त्याने केलं असं धरलं, तर मला उरलेले दिवस तेच पुरेल. तू चूक केलीस असं राहू दे ना."

"आणि माझं काय?"

"तू निभावून नेशील," दादा म्हणाला. बाई तेरा वर्षांच्या असल्यापासून तो त्यांना हेच म्हणत आला होता, आणि दर वेळी ते खरं ठरलं होतं, हीच पंचाईत.

बाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले. धाकट्याने तीन आठवडे फसवलं, ते एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण ज्याच्यासाठी त्या खरं घेऊन आल्या, त्यानेच ते ऐकून, समजून, परत त्यांच्या हातात दिलं होतं. उठताना त्यांच्या गुडघ्याने आवाज केला. वहिनीने आतून विचारलं, चहा घेणार का. बाई नको म्हणाल्या. या घरात त्यांनी चहाला नको म्हणण्याची ती पहिलीच वेळ, पण कुणाच्या लक्षात आली नाही.

भाचीने मात्र सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बापाला न विचारता ती इस्पितळात गेली आणि स्वतःचं नाव देऊन आली. एकट्या खोलीत तिला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली. दादाने हात वर करून पाहिला. या वेळी कुणी तिकडे बघितलं नाही. तिच्या यकृताचा उजवा भाग, साठ टक्के, बापाला बसवला. हा अवयव असा की कापून दिलेलं थोड्या महिन्यांत पुन्हा भरून येतं. दोघांचंही आलं. शस्त्रक्रियेच्या अकरा तासांत धाकटा इस्पितळाच्या जिन्यावर बसून होता, सगळ्यांना चहा आणून देत होता. त्याने काय धावपळ केली, हे वहिनी अजून सांगतात.

दादा चालता-फिरता झाल्यावर एका रविवारी घरी सगळे जेवायला जमले. धाकट्याने दादाच्या शेजारची खुर्ची घेतली आणि बोलता बोलता म्हणाला, "मी तर तयारच होतो. लॅबवाल्यांनी घोळ घातला." दादा ताटाकडे बघत होता. बाईंनी भांडं उचललं आणि धाकट्याला आमटी वाढली. भाची उठून आत गेली. बाकीचे हसले, कारण लॅबच्या चुकांवर प्रत्येकाकडे एकेक किस्सा होता.

त्या रविवारनंतर बाईंनी चूक-नोंदवही मागून घेतली आणि मागची तारीख घालून सुबक अक्षरात लिहिलं: 'नमुना साकळत असताना तंत्रज्ञ खोलीबाहेर गेली. घरचा माणूस म्हणून एकाला आत एकटं सोडलं. चूक तंत्रज्ञाची.' डॉक्टरांनी वाचून विचारलं, की यात पुढे काय झालं ते नाही लिहिलंत? बाई म्हणाल्या, वहीत आपल्या चुका लिहायच्या असतात. डॉक्टर पाहुण्यांना ती वही आता दाखवत नाहीत.

वर्षभराने धाकटा पुन्हा लॅबमध्ये आला. नव्या नोकरीसाठी आरोग्य तपासणी हवी होती, त्यात यकृताचीही. बायको म्हणत होती, जवळच्या मोठ्या लॅबमध्ये जा. पण आपली ताई असताना दुसरीकडे कशाला, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी पूर्ण नाव विचारलं. या वेळी त्याने विचारताच नीट सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं, पुन्हा नाव विचारलं, चिठ्ठी लावली. तो नेहमीसारखा साखरेच्या डब्याच्या दिशेने निघाला आणि विचारलं, "चहा टाकू का दोघांना?"

"बाहेर बस," बाई म्हणाल्या. "इथे घरच्या माणसांना थांबायला परवानगी नाही."

तो हसला. बाई हसत नाहीत हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो बाहेर जाऊन बाकावर बसला, अनोळखी लोकांच्या रांगेत, आणि बाईंनी दाराची कडी लावून घेतली. अर्ध्या तासाने रक्त साकळलं. यकृत उत्तम होतं.